डॉटर शब्दाचं माहेर

२ डिसेंबर १९४६
जोतीराम मास्तरांनी वर्गात एकेकाला एकेक इंग्रजी शब्द वाटला — "ह्याचं कूळ शोधून आणा." मला काय, तर डॉटर! हशा पिकला. पिकणारच! तीन बहिणींच्या पाठीवर चौथी मुलगी झाली, आता मुलगी पुरे म्हणून आज्जीनं जिचं नावच नकुसा ठेवलं, तिला डॉटर! मेले सगळे.

४ डिसेंबर
मास्तरांचा तो जाडजूड शब्दकोश! दोन्ही हातांनी उचलावा लागतो. जुन्या इंग्रजीत दोहतोर. जर्मनांचं टोख्टर. ग्रीकांचं थुगातेर. फारशीत दुख्तर. आणि आपल्याकडे — दुहिता! अंगावर काटाच आला. विचारलं, "म्हणजे संस्कृत इंग्रजीची आई?" मास्तर म्हणाले, "आई नव्हे, बहीण. आईनं लिहिलेलं एक अक्षरही सापडत नाही. लेकींच्या तोंडवळ्यावरून तिला ओळखायचं." काय माणूस आहे! शाळा सुटल्यावर कऱ्हाडहून मलकापूरला घरी चालत आले ती हेच घोकत.

५ डिसेंबर
धार काढणारी ती दुहिता, असं काही पंडित म्हणतात. खात्री नाही, हेही मास्तरांनीच सांगितलं. सकाळी म्हशीखाली बसले आणि एकटीच हसत सुटले.

९ डिसेंबर
आबा पलटणीतून रजेवर आलेत. मॅट्रिकच्या फॉर्मवर वडील म्हणून त्यांची सही पाहिजे, शनिवारच्या आत. आज्जी म्हणते, "सही न्हाई नि बिही न्हाई. तासगावचं स्थळ आलंय. लय शिकली!" सही नाही झाली तर माघात लग्न.

११ डिसेंबर
धीर करून आबांना माझा कागद वाचून दाखवला. दुख्तर ऐकलं आणि त्यांनी विडी खाली ठेवली.
"ह्यो शबूद मला ठावा हाय. लढाईत इराणात व्हतो तवा छावणीपाशी एक रोटीवाला व्हता. चार पोरीच त्याला. एकेकीच्या डोस्क्यावर हात ठिऊन सांगायचा — दुख्तर, दुख्तर! काय फुगायचा!"
मग उठून गोठ्यात गेले. जेवायला हाका मारल्या, आले नाहीत.

१३ डिसेंबर
सही झाली! तासगावला नकार कळवला. फॉर्म हातात देताना आबा खाली बघून म्हणाले, "तुजं नाव आज्जीनं न्हाई ठेवलं. मी ठेवलं. ती नगं नगं म्हनत लय रडली व्हती."
इतका राग आला! फॉर्म मात्र घट्ट धरला.
सोळा वर्षं मी आज्जीचा राग राग करत आले.