उद्या वाजवू

खंडेनवमी, अमरावती

आज आमच्या रॉक बँडनं वाद्यांची पूजा केली. ड्रमवर झेंडूचा हार आमच्या ड्रमर विन्यानंच चढवला, घरच्या मळ्यातला. मी गिटार उचलायला गेलो तर म्हणाला, "आज वाद्याले हात नाई लावाचा बे. उद्या वाजवू." मी ऐकलं. काहून ऐकलं?

संध्याकाळी त्याच्या बहिणीचा फोन. विन्या अकोल्याला गेला, मामाच्या भाजीच्या दुकानात, कायमचा. आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं म्हणे. म्हणजे हार चढवताना त्याला माहीत होतं! रविवारी आमचा पहिला कार्यक्रम, आणि हा...

धावत सरावाच्या खोलीवर गेलो. ड्रमवरचा झेंडू अजून ताजा आहे. पूजेत ठेवलेल्या त्याच्या दोन्ही ड्रमस्टिक मात्र नाहीत.

हात लावायचा नाही म्हणत होता.