भिकुबाईंची देवी आणि माझा गुरुवारचा वर्ग

मेहरूण, जळगाव

तीर्थरूप आबांस सूनबाई सारिकाचा वाकून नमस्कार.

अक्कांची कंबर आणि तुमचा आवाज दोन्ही ठणठणीत असतील असं धरून चालते. पायाच्या जखमेचं विचारलं की तुम्ही "बठ्ठं ठीक शे" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र. (जखम अजून ओली आहे, हे अक्कांनी मला सांगितलंय. त्यांच्यावर चिडू नका.)

इकडे मी भांडण ओढवून घेतलंय. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना, भरती असलेल्या पेशंटची साखर कशी सांभाळायची, हे मी दर गुरुवारी शिकवते. यांना पोट उघडता येतं, हाड जोडता येतं, पण साखर वाढलेली दिसली की कालच्या इन्सुलिनमध्ये आज थोडी भर घालायची, एवढंच ठाऊक. पाचोऱ्याच्या भिकुबाई पित्ताच्या खड्यांसाठी भरती झाल्या. साखर रोज चढती, इन्सुलिनही रोज चढतं. बाई खातात काय, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण जातं? येईल तो केळी आणायचा, आणि पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून बाई त्याच्यासमोरच खायच्या. (गोतावळा अफाट.) ऑपरेशनच्या सकाळी त्यांना उपाशी ठेवलं. केळी बंद, इन्सुलिन मात्र केळ्यांच्याच हिशेबाचं. साखर तळाला गेली. बाई घामाने भिजल्या, थरथरू लागल्या, असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांना वाटलं, देवी आली अंगात. जावेने कुंकू लावलं, थोरल्या मुलाने विचारलं, "माय, पोऱ्यानं लगन कव्हय व्हई?" आणि आमचे डॉक्टर अमृत, तेही हात जोडून उभे! मी धावत जाऊन शिरेतून ग्लुकोज दिलं. देवी गेली, भिकुबाई परत आल्या. मंडळी माझ्यावरच नाराज, कारण लग्नाचा महिना सांगायचा राहिला.

तेव्हापासून वर्गाचा पहिला धडा असा, की पेशंटशी बोला, उशाशी असलेलं कपाट उघडून बघा, मगच इन्सुलिन लिहा. यावर आमचे मुख्य सर्जन जीवराम सर भडकले. म्हणे, डॉक्टर काय जकात नाक्यावर बसलेत पिशव्या तपासायला? येत्या गुरुवारी ते स्वतः येणार, समोर नवा पेशंट ठेवणार (तो मी आणायचा), आणि पोरांना जमलं नाही तर वर्ग बंद. करा म्हणावं बंद! मी पार्किंगमध्ये शिकवीन, निंबाखाली शिकवीन. भिकुबाई त्या दिवशी गेल्या असत्या आबा, आणि केसपेपरवर सगळं बरोबरच दिसलं असतं. मी हटणार नाही.

तुमची,
सारिका

ता. क. परीक्षेला साधा पेशंट उपयोगाचा नाही. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलणारा आणि उशीखाली गूळ-शेंगदाणे ठेवणारा हवा. अख्खा खानदेश डोळ्यांपुढे आणला, तुमच्या तोडीचं कुणी दिसलं नाही. तुमचे चिरंजीव बुधवारी साक्रीला गाडी घेऊन येतील. मुकाट्याने बसा.

आणखी एक. गूळ लपवा, शेव लपवा, पोरं शोधून काढतील. पाय लपवू नका. तुमची साखर बघता मला त्या जखमेची फार भीती वाटते आबा. तिला हात जीवराम सरच लावतील, मी विचारून ठेवलंय. माणूस हेकट आहे, पण तुमचा पाय मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही.