पेजही पोटात राहीना तेव्हा

आत्याबाई, तुमच्या मुलाच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा राहत नव्हता ते दिवस मी कुणापाशी बोलले नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. ह्यांना गाठींचा कॅन्सर झालाय. डोलवीच्या कंपनीत शिफ्टला निघताना दाढी करता करता मानेला गाठ हाताला लागली, तिथून हे सुरू झालं. केमोसाठी आम्ही पेणहून पनवेलला जातो. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय, गाठी बसतायत. पण गाठींबरोबर माणूसही बसत चाललाय, हे मला घरात दिसतं. तिसऱ्या केमोला तर सुई टोचायच्या आधीच, हमरापूर फाटा मागे पडला तसं ह्यांना एसटीतच मळमळायला लागलं, नुसत्या आठवणीनं. घरी आल्यावर उलट्या थांबेनात. आधी जेवण पडलं, मग पाणी, मग हिरवं पित्त, आणि मग काहीच नाही, नुसते कोरडे उमासे. बरगड्या धरून वाकलेले असतात आणि मी पाठीवर हात ठेवून उभी. उलटी थांबवायची गोळी दिली की तीही बाहेर येते. मी टबात वाकून बघते, विरघळली होती की अख्खीच पडली. अख्खी असते. दुसरी द्यावी की नाही, तेही कळत नाही.

तेव्हा मला निडी गावातलं तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि फोडणीचा वास आला तरी मी परसात धावत होते. तुम्ही कुणाला काही न विचारता चूल मागच्या पडवीत नेलीत, घरात फोडणी बंद केलीत, मामंजींनाही बिनफोडणीचं वरण वाढलंत. जुन्या तांदळाची पेज मीठ घालून, पार निववून माझ्यासमोर आणलीत. मी ती तुमच्याच लुगड्यावर ओकले आणि रडायला लागले. तुम्ही पदर झटकलात आणि म्हणालात, "ओकलीस तर ओकलीस गो. थोडी तरी ऱ्हायली असंल. रडायचं ता मंग रड, आधी दोन घोट घे." मला राग आला होता तुमचा. पण मी दोन घोट घेतले, आणि ते राहिले.

म्हणून ह्यांच्यासाठीही मी तेच केलं. घरात फोडणी बंद केली. माझी भाकरी मी शेजारणीच्या मागच्या दारात उभ्यानं खाते, तोंड धुऊन मग घरात येते. पेज केली, निववली, चमच्यानं भरवली. बाहेर आली. तोंड पुसून परत भरवली, परत आली. मग त्यांनी वाटी हातानं बाजूला केली. "माझ्यानं नाय होत आता," म्हणाले. "फुडची केमो नको. घरातच पडू दे मला." आत्याबाई, त्या वेळी मी तुमच्यावर चिडले. तुमचा उपाय हरला होता, आणि आता पुढे काय करायचं हे सांगायला तुम्ही नव्हतात.

दुपारी लक्षात आलं, सकाळपासून ह्यांना लघवीला झालेलं नाही. ओठ फुटले होते. उठायला गेले आणि माझ्या अंगावरच कोसळले. मी हॉस्पिटलला फोन लावला. वाटलं होतं, नर्स म्हणेल, केमोत असं होतंच. तिनं पाणी राहतंय का, लघवी झाली का, एवढं विचारलं, आणि म्हणाली, घरात बसू नका, पेणमध्ये जे जवळ असेल त्या दवाखान्यात आत्ता न्या. मी पेजेचं सांगितलं तशी म्हणाली, पेजेनं थांबणारी ही उलटी नव्हे, पण ती थांबवता येते, औषधं आहेत. थांबवता येते, हे कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी नाक्यावरून रिक्षा आणवली.

सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं. दिवेलागणीला ह्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. आता डॉक्टरांनी औषधं बदललीत. पुढच्या वेळी सुईच्या आधी आणखी एक औषध देणार आहेत, आणि घरी जिभेवर विरघळणारी गोळी, मळमळायची वाट न बघता द्यायची. चौथी केमो सोमवारी आहे. ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. आज गार पेज आणि थोडं दही खाल्लं आणि डोळे मिटून भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसले, वर येतंय का म्हणून. नाही आलं. सोमवारचं मी काही विचारलं नाही, धीरच होत नाही.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठे जायचं नाही, मला ठाऊक आहे. एक मात्र राहिलं. त्या दुपारी रिक्षात ह्यांचे डोळे मिटलेले होते, मान नुसती हलत होती. मध्येच म्हणाले, "आये, आजून लांब हाय?" मी म्हटलं, "नाय रे बाला, आलाच." त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. त्यांना आता ते आठवत नाही, आणि मीही तो विषय काढलेला नाही. पण दवाखाना येईपर्यंत मी तुमच्यासारखीच बोलत राहिले, कारण माझ्या स्वतःच्या आवाजात मला काही बोलताच आलं नसतं.