जरा डोळा लागला होता

सॅस्कॅचेवान,
सोमवार, २३ सप्टेंबर २०१९

चि. कॉलीन,

सकाळी चर्चच्या आवारातलं गवत कापलं, माझ्या व्हर्नाच्या थडग्यापाशी फुलांना पाणी घातलं. वारा आहे, पाऊस नाही. पुष्कळांचा गहू अजून शेतातच उभा आहे. तू वेळेवर जेवतेस ना?

तुझ्या रीडला माती देऊन आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तेव्हा कॉफी मी देत होतो. येईल त्याला तू एकच सांगत होतीस, "हजारदा बजावलं होतं, पेंग आली तर गाडी बाजूला घे. माझं कधी ऐकलं त्यानं?" मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "लॉर्नकाका, सकाळपासून उभे आहात, बसा आता." तूच मला कप भरून दिलास. मी तो बसून प्यायलो.

त्यानं तुझं ऐकलं होतं, कॉलीन.

रीड गेला त्या सकाळी चर्चच्या आवारात एक अनोळखी पिकअप उभी होती. आत एक पोरगा झोपला होता. मी ओळखलं नाही, लहानपणानंतर त्याला पाहिलंच नव्हतं. रात्रभर कापणी करून आलेला, केसांत भुसा. हे मला दिसत होतं. पण महिन्यापूर्वी कुणी पोरांनी इथे गाड्या गरगरा फिरवून व्हर्नाच्या थडग्यावर खडी उडवली होती, त्याचा राग डोक्यात होता. मी काचेवर किल्ल्या वाजवल्या.

दचकून उठला आणि आधी माफी मागितली. आई सांगते पेंग आली की थांबायचं, म्हणून थांबलो, जरा डोळा लागला होता, अजून थोडा वेळ पडतो, म्हणाला. दारू प्यायलेला नव्हता. गावात बोलतात ते खोटं आहे.

घर किती लांब, मी विचारलं. अर्धा तास, म्हणाला.

"मग घरी जाऊन झोप. अर्ध्या तासानं काही मरत नाहीस."

तो हसला. "बरं, आजोबा." बाहेर पडेपर्यंत गाडी अगदी हळू नेली, खडी उडू नये म्हणून.

दुपारी अपघाताचं ऐकलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. शवपेटीजवळ ठेवलेला फोटो पाहिला आणि शंका उरली नाही. तरी तळघरात तुझ्यासमोर गप्प राहिलो.

उत्तर लिहू नकोस. रस्त्यात दिसलो तर ओळखही दाखवू नकोस.

त्या दिवसापासून मी आवाराच्या तोंडाशी साखळी लावून ठेवतो. कुणी आत थांबलंच नाही तर मला कुणाची काच वाजवावी लागणार नाही, म्हणून. हे पत्र पेटीत टाकून येताना ती काढून शेडमध्ये ठेवणार आहे.

रीडला ज्यानं उठवलं, तो
लॉर्न