योगिनीचा इंग्रजीचा पेपर

रत्नागिरी

चि. गुणाजी,
अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता बरी आहे का? कमळाचे गुडघे कसे आहेत? अजिंक्यचा खोकला गेला का?

माझी योगिनी प्रवेशपरीक्षेत चांगली आली, पण पदवीचे टक्के भरले चव्वेचाळीस. वकिलीला पंचेचाळीस लागतात. एका इंग्रजीच्या पेपराने तिला खाली ओढलं. निकाल लागला तेव्हाच मी तुला फोनवर विचारलं होतं, पेपर पुन्हा तपासायला टाकू का? "आक्के, एका पेपराने काय होतंय? उगाच धावपळ नको," म्हणालास. मी वर्तमानपत्रावर बोट ठेवून अक्षरं शिकलेली बाई. वकील भावाच्या शब्दावर बसून राहिले आणि मुदत गेली.

गणपतीला अजिंक्य आला, तो सहज बोलून गेला, "आत्ये, यंदा माझाही एक पेपर गेलेला. बाबांनी लगेच तपासायला टाकला, मार्क वाढले."

लगेच, गुणा? मग मलाच धावपळ नको कशी?

योगिनीने विचारलं, "आई, मामाला विचारलं होतंस ना?" तुझं नाव नको म्हणून मी म्हटलं, "विसरले गं." तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

हे पत्र टाकायला हात धजत नाही. टाकलंच, तर उत्तर लवकर दे, आणि ते तिच्या नावाने लिही.

तुझी,
आक्का