पोट मऊ आहे, असं ते म्हणाले

आई, तुझं पोट मऊ होतं म्हणून तू खोटी ठरलीस. इतक्या वर्षांनी हे लिहितेय, आणि ते दुःखाने नव्हे, संतापाने. नागापूरच्या वर्कशॉपमध्ये तू मोटारींच्या कॉइल भरायचीस. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तुझ्या शेजारी काम करणारी बाई तुला रिक्षात घालून घरी घेऊन आली. मी शाळेतून येते तर तू स्वयंपाकघरात ओट्याखाली, गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडलेली. फरशी गार होती म्हणून. धाकटी तुझ्या पाठीला टेकून बसलेली, हातात अर्धी भाकरी. आणि तू मला काय म्हणालीस? "काय न्हाई गं, ग्यास झालाय. तेवढी भाजी बघ, करपंल."

दवाखान्यात डॉक्टरांनी तुझ्या पोटावर दोन बोटं दाबली, एकदा इकडे, एकदा तिकडे. "पोट मऊ आहे. काही नाही. बायका टेन्शन घेतात." मी नववीत होते. मी विचारलं, मग ती अशी तळमळते का? ते माझ्याकडे न बघता दादांना म्हणाले, "मुलगी फार बोलते तुमची." दादा ओशाळून हसले. आणि तू, जिला धड सरळ बसता येत नव्हतं, ती वेदना बाजूला ठेवून मला रागावलीस, "डाक्टरसायबाशी आसं बोलत्यात व्हय? तोंड मीट." ती तुझी मला शेवटची दटावणी. मी तोंड मिटलं. नंतर मात्र जन्मभर उघडंच ठेवलं आहे, आई. गावोगावच्या सभांमध्ये मला बोलवतात ते त्या तोंडासाठीच.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या म्हातारीला बोलावलं. बेंबी सरकली असेल, असं सगळ्यांचं ठरलं होतं. तिने तुझ्या बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्या चिकटला तशा जमलेल्या बायका म्हणाल्या, "धरलं बघ, आता बसंल जागेवर." तुझ्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो. पुढे पुस्तकं वाचायला लागल्यावर मी त्या म्हातारीवर फार चिडायचे, अंधश्रद्धा म्हणून तिचं उदाहरण व्यासपीठावरून द्यायचे. आता देत नाही. तिचं चुकलंच, पण निदान तिने तुझं दुखणं खरं मानलं. "लई वढ हाय गं आत," म्हणत ती तुझे पाय दाबत बसली होती. शिकलेल्या माणसाने तर तेवढंही केलं नाही. मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत तुझं पोट दगडासारखं कडक झालं होतं. तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला. उघडून पाहिलं तर आतडं काळं पडलेलं. दादांना कुणी म्हणालं पीळ पडला, कुणी म्हणालं जंतू झाले. दादा म्हणाले नशीब. त्या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

हे सगळं आज का उकरतेय? कारण गेल्या वर्षी तुझी धाकटी तशीच पडली होती. राहात्याजवळ तिचं सासर, पेरूची बाग, नवा बंगला. मी वास्तुशांतीला गेले नव्हते, माझी सभा होती. त्यानंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, पोटात दुखतंय, पण गोळी घेतलीये अ‍ॅसिडिटीची." आवाज तुझा होता. मी गाडी काढली. पोचते तर ती नव्या फरशीवर पडलेली, गुडघे पोटाशी. गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणली होती, गॅसमुळे नीट दिसत नाही असा शेरा. मी तिला पुन्हा त्यांच्या दवाखान्यात नेलं, तर ते मला समजावतात, "मॅडम, काळजी करू नका. पोट मऊ आहे."

आई, मी ओरडले. दवाखाना दणाणला. त्या बिचाऱ्याच्या अंगावर मी तुझ्या डॉक्टरचंही सगळं काढलं. पाहुणे मंडळी माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत होती. तिला मागच्या सीटवर घालून मी नगरला आणलं आणि तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पोट मऊ आहे असं म्हणू नका, एवढी एक कृपा करा. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोट मऊ आणि दुखणं एवढं, म्हणूनच मला भीती वाटतेय." हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते.

त्यांनी शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन केला. आतड्यातलं रक्त परत नेणारी मोठी शीर गाठीने बुजली होती. त्यांनी मला नीट समजावलं. रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट नाही, आतडं फुगत जातं आणि शेवटी मरतं. मेल्यावर पोट कडक होतं. तोवर बाहेरून काहीच कळत नाही. आजार दुर्मीळ आहे, म्हणून कुणाच्या मनात येत नाही. मी म्हणाले, दुर्मीळ म्हणजे काय? ज्याच्या घरात झाला त्याच्यासाठी तो शंभर टक्केच असतो. त्यांनी वाद घातला नाही. "आतडं अजून जिवंत दिसतंय," म्हणाल्या, आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं. सर्जन तयारीत, धाकटी उपाशी, तिच्या नाकात नळी. जराही बिघडलं तर पोट उघडायचं ठरलेलं.

मग त्यांनी कारण शोधायला घेतलं. काही औषध चालू आहे? धाकटी म्हणाली, नाही. मागोमाग आलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, नाही. तिच्या नवऱ्यानेही नकारार्थी मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं, कुठलीही गोळी? तेव्हा सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "आता वास्तुशांत हुती, पूजेला जोडीनं बसायचं, तवा ती पुढं ढकलायची गोळी घेतली हुती. ती काय औशद हाय व्हय? आमच्यात समद्याच घेत्यात." धाकटीनेही दुजोरा दिला. "खरंच ताई, ते काय औषध थोडीच असतं." पाळी पुढे ढकलायची गोळी! लग्न असो, पूजा असो, देवदर्शन असो, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणायची, हळदीकुंकवासारखी एकमेकींना द्यायची, आणि तिची औषधात गणतीच नाही. बाईच्या रक्ताचा विटाळ देवाला चालत नाही, म्हणून त्या रक्तात काहीही कालवलेलं मात्र चालतं! यावर मी किती चौकांमध्ये बोलले आहे. टाळ्या घेतल्या आहेत. माझी सख्खी बहीण पूजेला बसायला ती गोळी घेत होती तेव्हा मी परगावी स्त्रीमुक्तीवरच बोलत होते. सासूबाईंवर मी भडकणार होते, पण पाहिलं तर त्या सुनेच्या तळव्यांना तेल चोळत होत्या. "आमाला कुनी सांगितलंच न्हाई गं माय," म्हणाल्या. खरंच, कुणी सांगितलं होतं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकट्या गोळीचं हे काम नसेल, रक्तातच काही असावं. घरात कुणाला पूर्वी गाठ झालेली? पाय सुजलेला? आणि मला तुझा डावा पाय आठवला. धाकटीच्या वेळच्या बाळंतपणात तो खांबासारखा सुजला होता, आणि बाळंतवात म्हणून तुला वाळूच्या पुरचुंडीने शेक दिला होता. मी तो पाय सांगितला, मग तुझं काळं आतडंही सांगितलं. त्यांनी ते सगळं कागदावर लिहून घेतलं. "आईंचं नक्की काय झालं ते आता सांगता येणार नाही," म्हणाल्या, "पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलं."

धाकटी वाचली. कापावं लागलं नाही. काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत तिच्या रक्तात लवकर गोठण्याचा दोष निघाला, घराण्यातून येणारा. आता तिला रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, आणि या गोळीला मात्र ती औषध म्हणते. परवा पेरूची पाटी घेऊन आली होती. जाताना दारातून म्हणाली, "ताई, तू रक्त दिलंस का तपासायला?"

आई, तुला वाटेल ही कसली अडचण, एक सुई तर टोचायची. मी ज्यांच्यापुढे बोलते त्या बायांना हात जोडून सांगते, दुखणं अंगावर काढू नका. या पत्राला पत्ता नाही, म्हणून इथेच सांगून टाकते. मी अजून रक्त दिलेलं नाही. काल सभेवरून आले तर पोटात कळ होती. नवऱ्याने विचारलं, काय होतंय? आणि मी ओवा चावत म्हणाले, काही नाही रे, गॅस असेल.