आठळीतलं प्रथिन मेलेलं नाही

प्रिय रेवती,

माझं प्रथिन मेलं, असं तू भरल्या सेमिनारमध्ये जाहीर केलंस म्हणे. तुझी विद्यार्थिनी श्रुतिका आमच्याच सोसायटीत राहते. लिफ्टमध्ये तिच्याकडून कळलं. बिचारीला वाटलं, मला माहीत असेल. चालत होतं तोवर ते ‘आमच्या लॅबचं’ होतं. बंद पडल्याबरोबर ‘नलिनीमॅडमचं’ झालं. झकास.

आठवतं का गं? दर मे महिन्यात माझी वहिनी सावंतवाडीहून फणसाच्या आठळ्या पाठवायची, तू त्या मिक्सरला लावायचीस आणि आपले नाना शिपाई विचारायचे, भाजी कधी मिळणार? त्या आठळीतलं प्रथिन पेशींवरची नेमकी साखर ओळखून तिला चिकटायचं; पण फणस बदलला की गुण बदलायचा. म्हणून त्याचा जीन आपण जिवाणूंत घातला, म्हणजे ते दरवेळी सारखंच बनेल. त्याला चमकणारा रंग जोडून स्लाइडवर टाकलं आणि पहिल्यांदा पेशींच्या कडा हिरव्या चमकल्या तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली होतीस. पेपरवर पहिलं नाव तुझंच लावलं मी. मी निवृत्त झाल्यापासून तुझा एक फोन नाही. बिझी असशील.

श्रुतिका कौतुकाने सांगत होती, जुन्या पद्धतीतले वेळखाऊ टप्पे मॅडमनी काढून टाकले. आता प्रथिन शुद्धीकरणाच्या कॉलममधून निघालं की थेट पेशींच्या स्लाइडवर. अगं, कॉलमवरून ते सोडवायला आपण गॅलॅक्टोज ओततो ना? ती साखर त्याच्या पकडीत तशीच राहते. ती काढायलाच तर प्रथिन बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून रात्रभर थंड खोलीत, बाहेरचं बफरचं पाणी बदलत ठेवायचो; साखर पाझरून जायची, प्रथिन आत राहायचं. ज्याच्या मुठी आधीच भरलेल्या, ते पेशीवरची साखर धरणार कशाने? हे तुला मी शिकवलं होतं. की तेही वेळखाऊ होतं?

सोमवारी फ्रीझर रिकामा करताना माझ्या जिवाणूंच्या कुप्या फेकणार आहात, हेही कळलं. फेकू नकोस. आधी प्रथिनातली साखर धुऊन बघ. लिफ्टमध्ये हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं, पण विद्यार्थिनीसमोर तुझी चूक काढायला जीभ रेटेना. म्हणून हे पत्र, फक्त तुला. तेवढी भीड तू माझ्यासाठी ठेवली नाहीस. आमच्या सांताक्रूझच्या कॉन्व्हेंटमध्ये जिथे चुकलं तिथेच उभं राहून सुधारावं लागे. प्रथिन जिवंत निघालं तर मला फोन नको. त्याच हॉलमध्ये सांग. मी पहिल्या रांगेत बसेन.

नाइलाजाने अजूनही तुझीच,
नलिनी